गळती दिसली की लगेच पाना उचलू नका: या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला लागलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक पंप जाळता जाळता राहिलो. पाण्याचा साधा पंप. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट (फिरता दांडा) पंपाबाहेर येतो तिथे दोरी दाबून बसवलेल्या तोंडातून, थेंब पडत होते, खालची लादी शेवाळली होती आणि साहेब फेरीवर यायचे होते. मी ग्लँडचे दोन्ही नट आवळले. थेंब थांबले, लादी पुसली, छान वाटलं. तासाभरात ग्लँडमधून धूर निघाला. उघडून पाहिलं तर दोरी कोळशासारखी काळी आणि शाफ्टच्या स्लीव्हवर नखाला लागतील अशा खाचा. फोरमनकाका एवढंच म्हणाले, "अरे, तो पंप गळत नव्हता, पाणी पीत होता."

दोरीच्या पॅकिंगमध्ये शाफ्ट दोरीला घासतच फिरतो. ती जागा थंड राहायला थोडं पाणी झिरपावंच लागतं, साधारण मिनिटाला ४० ते ६० थेंब. घड्याळ लावून मोजा. धार लागली असेल तर दोन्ही नट सारखेच, एका वेळी षटकोनाची एकच बाजू फिरवा, दहा-पंधरा मिनिटं पंप चालू द्या, मग पुन्हा मोजा. नवी दोरी भरताना प्रत्येक कडं वेगळं कापा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, पाव-पाव फेऱ्यानं सरकवा. एकच लांब दोरी शाफ्टला गुंडाळून कोंबायचा उद्योग मी आजही पाहतो, आणि ती दोरी किती दिवस टिकणार हे तिथल्या तिथे सांगू शकतो. मेकॅनिकल सीलचा, म्हणजे दोरीऐवजी एकमेकींवर घट्ट टेकलेल्या गुळगुळीत चकत्या असतात त्याचा, हिशेब मात्र उलटा आहे. तिथे थेंब मोजायची वेळ आली म्हणजे सील गेलं. नट आवळून काही होत नाही.

आता घराकडे येऊ. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात गिझरचा सांधा तीन वेळा गळला. तिन्ही वेळा प्लंबर तोच आणि इलाज तोच: आणखी टेप, आणखी जोर. चौथ्यांदा मी स्वतः खोललं. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पितळी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) घातलं होतं आणि सॉकेटला केसाएवढी उभी चीर गेली होती. निपलचे आटे निमुळते असतात, पाचरीसारखे. त्यावर पंधरा फेरे टेप चढवून पाइप पान्यानं पिळलं की ती पाचर प्लास्टिक फाडते. तेव्हाच फाटलं तर नशीब, नाहीतर दोन आठवड्यांनी रात्री दोन वाजता फाटतं. अशा जागी आतून पितळी आटे बसवलेलंच फिटिंग घ्या. टेप तीन-चार फेरे पुरे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे आवळताना टेप सुटत नाही. पहिला आटा मोकळा ठेवा. हातानं घट्ट बसल्यावर पान्यानं एक-दीड फेरा, बस्स.

ज्या जोडाला रबरी वॉशर आहे, म्हणजे बेसिनखालची कनेक्शन नळी किंवा युनियन (खोलता येणारा जोड), तिथे टेप लावूच नका. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. टेपमुळे नट आधीच घट्ट लागतो आणि वॉशर दाबलाच जात नाही.

कारखान्यात या टेपच्या घोटाळ्याचा थोरला भाऊ भेटतो. परदेशातून आलेल्या मशीनवर बऱ्याचदा एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, आपल्याकडे दुकानात मिळतात ते बीएसपी (ब्रिटिश मापाचे). अर्ध्या इंचाच्या दोन्हींत इंचाला १४ आटे, म्हणून हातानं तीन-चार फेरे सुरेख जातात आणि फिटर खूश होतो. पण एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५. कितीही टेप लावा, तो सांधा कायम रडणार. एक इंचाला फरक उघड दिसतो, एनपीटीत साडेअकरा आणि बीएसपीत ११. आटे मोजायची पट्टी खिशात ठेवा. स्वस्त असते.

दोन फ्लँजांची, म्हणजे पाइपच्या टोकांच्या बोल्टनं जोडायच्या चकत्यांची, तोंडं जुळत नसली तर बोल्टनं ओढून जुळवणं ही सगळ्यात महागडी चूक. मधलं गॅस्केट (गळती अडवणारी चकती) एका बाजूला चिरडतं, दुसऱ्या बाजूला सैल राहतं आणि पाइप कायम ताणाखाली असतो. घाईत जोडलेला पाइप काय करू शकतो, हे १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला दिसलं. बंद पडलेल्या रिअ‍ॅक्टरला वळसा घालून, नीट आरेखन न करता, दोन बेलोजच्या, म्हणजे लवचीक घडीदार जोडांच्या, मधोमध बसवलेला तात्पुरता पाइप निखळला. सायक्लोहेक्सेन या ज्वलनशील रसायनाच्या ढगाचा स्फोट होऊन २८ माणसं गेली. म्हणून आधी पाइप सरळ करा, मग नवं गॅस्केट घाला. जुनं उलटून पुन्हा वापरायचं नाही. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा.

गच्चीवरच्या सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची, गोष्ट थोडक्यात. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२च्या पुढे जातो, उन्हातला पाइप त्याहून तापतो. तीन मीटरचा तुकडा ३५ अंशांच्या फरकानं सहा-साडेसहा मिलिमीटर वाढतो. क्लँप करकचून लावले की तो फरक एल्बोवर निघतो. सकाळी पाणी यायच्या आत उरकायचं म्हणून ओल्या पाइपला चिकटवायचं सोल्युशन लावलं तर सांधा पकडतच नाही. पुसा, कोरडं करा, घुसवताना पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा.

गळती शोधतानाची चूक एकच: ओल दिसते तिथेच फोडाफोड. पाणी पाइपवरून सरकत जाऊन सोयीच्या जागी ठिबकतं. सगळा पाइप कोरडा पुसा, वरून खाली प्रत्येक सांध्याला पेपर नॅपकिन गुंडाळा. पहिला भिजेल तो चोर. हवेच्या लाइनला साबणाचं पाणी लावा. हायड्रॉलिक होजवर मात्र हात कधीच फिरवू नका. सुईएवढ्या भोकातलं तेल त्या दाबानं कातडी भेदून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि प्रसंगी बोट कापावं लागतं. लांब काठीला पुठ्ठा लावून फिरवा, तेल असेल तर पुठ्ठ्यावर उमटेल.

सांडलंच तर? तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडवर पाण्याची बादली ओतायची नाही, ते उसळून अंगावर येतं. कोरड्या वाळूनं बांध घाला. नायट्रिकवर लाकडाचा भुसा टाकू नका, पेट घेऊ शकतो. आणि काहीही असलं तरी पावसाळी गटारीत ढकलू नका. बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीची गटार म्हणजे पुढे मिनी नदी आणि त्यापुढे मही.

टाकीभोवतीची डाइक, म्हणजे सांडलेला माल अडवणारी भिंत, सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल धरेल एवढी असावी, हे बहुतेकांना पाठ असतं. पण जुलैत तिच्यात पावसाचं पाणी साठतं, कोणीतरी तळाचा व्हॉल्व्ह उघडतो, चहाला जातो आणि पाळी संपते. उघड्या व्हॉल्व्हची डाइक ही नुसती बिनकामाची भिंत. आमच्याकडे शेवटी त्या व्हॉल्व्हचा दांडा काढून गेटवर टांगला. ज्याला उघडायचं त्यानं वहीत सही करून न्यायचा, पाणी उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि बंद करून परत आणून टांगायचा. पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या.