भरतीला मोजा: नवी मुंबईतल्या नेरुळच्या पाणथळींवरची पक्षीगणना

ओहोटीला पक्षी ठाणे खाडीच्या चिखलावर लांबवर पांगतात, तेव्हा मोजणी फसते. भरतीने चिखल बुडाला की तेच थवे नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या आणि एनआरआय वसाहतीजवळच्या तळ्यांत दाटीने विसावतात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीची, सकाळी नऊ-दहाची भरती गाठा आणि तासभर आधी पोहोचा. भरतीचा तक्ता मुंबई बंदराचा असतो. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. खाडीकाठी सकाळचं ऊन पाठीवर येतं, रंग नीट दिसतात.

८×४२ ची दुर्बीण पुरते, तुतवारांसारख्या छोट्या चिखलपक्ष्यांसाठी मात्र तिकाटण्यावरचा (ट्रायपॉडवरचा) स्कोप, म्हणजे लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण, हवाच. आधी दहा रोहित (फ्लेमिंगो) एकेक मोजा, तेवढा घोळका नजरेत बसवा, मग शंभराचे गठ्ठे करत पुढे सरका. तीनदा मोजून सरासरी घ्या. थवा उडाला तर आकडा सोडून द्या, नाहीतर तेच पक्षी दोनदा धरले जातात. कुणाच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर पाय डावा की उजवा, रंग आणि अक्षरं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

जाताना भरतीचं पाणी तळ्यात येण्याचा मार्ग जरूर तपासा. पाणी आणणारा पाइप गाळाने किंवा भरावाने बुजला की तळं आटतं, नाहीतर साचून शेवाळतं आणि पक्षी बसत नाहीत. भरतीच्या वेळी काढलेला फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण जोडून वनविभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे लेखी तक्रार द्या.