समाजातील समूह समजून घेताना या चुका टाळा

सामाजिक समूह हा समाजशास्त्राच्या अभ्यासातला अगदी सुरुवातीचा विषय आहे, आणि कदाचित म्हणूनच तो पाठ करून पुढे जाण्याकडे अनेकांचा कल असतो. व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये हे सारे लिहून होते. पण शाळेतला, कचेरीतला किंवा वस्तीतला एखादा खराखुरा समूह समोर आला की त्या माहितीचे काय करायचे ते सुचत नाही. माझ्या मते अडचण मुळातच आहे. आपण समूह माणसांच्या गुणधर्मांत शोधतो; तो असतो त्यांच्या आपापसांतल्या व्यवहारांत. पुढच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात.

समान लक्षण दिसले की समूह मानणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. वीस ते तीस वयोगटातील तरुण, भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे, चष्मा वापरणाऱ्या व्यक्ती हे सारे सामाजिक प्रवर्ग आहेत. त्यांच्यात एखादे लक्षण समान असते, पण ती माणसे एकमेकांना ओळखत नाहीत आणि एकमेकांकडून कसलीही अपेक्षा बाळगत नाहीत. त्याचप्रमाणे एका वेळी एका जागी जमलेली माणसे म्हणजेही समूह नव्हे. समूह म्हणण्यासाठी परस्परसंबंध काही काळ टिकावे लागतात, कोणी कसे वागायचे याचे संकेत तयार व्हावे लागतात, आणि आपल्यातला कोण व परका कोण हे त्या माणसांना स्वतःला जाणवावे लागते.

एखाद्या खिडकीसमोरची रांग लक्ष देऊन पाहावी. सुरुवातीला तिथे फक्त माणसे उभी असतात. मग खिडकी उघडायला उशीर होतो, कोणीतरी वहीचे पान फाडून क्रमाने नावे लिहायला घेते, पाणी प्यायला जाणारा मागच्याला सांगून जातो, आणि मध्येच घुसू पाहणाऱ्याला चार जण मिळून अडवतात. यादी आली, यादी सांभाळणारा आला, नियम आला आणि नियम मोडणाऱ्याला रोखण्याचा अधिकारही आला. कामे झाल्यावर हे सगळे विरून जाते, त्यामुळे याला पुरता समूह म्हणता येणार नाही. परंतु समूह घडू लागतो तेव्हा नेमके काय घडते, ते इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

एखादा जमाव समूह आहे की नाही अशी शंका आली, तर यांच्यातला एक जण उद्या आला नाही तर इतरांच्या ते लक्षात येईल का आणि कोणी त्याची चौकशी करील का, असा प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर 'या समूहाचे मत', 'या समूहाची मागणी' असे शब्द वापरण्याआधी थांबणे बरे. अर्थात, प्रवर्गाचा समूह होऊ शकतो. एकाच मालकाचे भाडेकरू भाडेवाढीविरुद्ध बैठका घेऊ लागले, की त्यांच्यात नवे नाते तयार होते. मात्र ते बैठकांमुळे होते, केवळ भाडेकरू असल्यामुळे नव्हे.

आवडीनिवडी पाहणे आणि जागा विसरणे

माणसे समविचारी असतात म्हणून एकत्र येतात, असे आपण गृहीत धरतो. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला आणि तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मैत्री सर्वाधिक जुळली ती शेजारच्या दारांमध्ये, आणि कोणाची कोणाशी गाठ पडते हे जिने व वाटा कुठे आहेत यावर बरेचसे अवलंबून होते. तेव्हा एखादा गट का जमला हे कळत नसेल, तर माणसांच्या स्वभावाकडे वळण्यापूर्वी त्यांचे वेळापत्रक, येण्याजाण्याचा रस्ता आणि बसण्याची जागा तपासावी. समान आवडींना महत्त्व आहेच, पण त्या जुळतात हे कळण्यासाठी आधी भेट व्हावी लागते.

कागदावरची रचना खरी मानणे

औपचारिक संघटनेचा तक्ता पाहून आतले समूह ओळखता येत नाहीत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोन यंत्रणेच्या जोडण्या करणाऱ्या चौदा कामगारांचे एका खोलीत निरीक्षण केले गेले. मोबदला सर्वांच्या मिळून होणाऱ्या उत्पादनाशी जोडलेला होता, म्हणजे अधिक काम केल्यास सर्वांचाच फायदा होता. तरीही दिवसाचे काम किती करायचे याची मर्यादा कामगारांनी आपापसांत ठरवून घेतली होती. फार भरभर काम करणाऱ्याच्या दंडावर सहकारी ठोसा मारत, आणि वरिष्ठांकडे चहाडी करणाराही नजरेतून उतरत असे. त्या एका खोलीत दोन वेगवेगळी टोळकी होती. काम फार वाढले तर दर कमी होतील किंवा काही जणांची नोकरी जाईल, अशी भीती या संकेतामागे होती. आळस हे त्याचे स्पष्टीकरण नव्हे. एखादी योजना कागदावर उत्तम असूनही कामाच्या जागी अडत असेल, तर तिथला अलिखित नियम कोणता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा कशी होते, हे आधी शोधावे.

याच ठिकाणी प्राथमिक आणि दुय्यम समूहांविषयीचाही गोंधळ होतो. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०९ मध्ये प्राथमिक समूहाची संकल्पना मांडली. समोरासमोरचा निकट संबंध हा तिचा गाभा, आणि कुटुंब, मुलांचे खेळगडी व शेजार ही त्यांची उदाहरणे. पण निकट म्हणजे गोड असे त्यांनी म्हटलेले नाही. स्पर्धा आणि चढाओढ याही संबंधांत असतात हे त्यांनी स्पष्ट केले आहे. शिवाय मोठ्या, रुक्ष, नियमबद्ध दुय्यम समूहाच्या पोटातच असे लहान प्राथमिक समूह नांदतात. दोन्हींना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले की हॉथॉर्नसारखी खोली समजतच नाही.

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये सांगितलेले जुळणी, संघर्ष, संकेतनिर्मिती आणि कार्यसिद्धी हे टप्पेही असेच वापरले जातात, जणू प्रत्येक समूहाने त्या पायऱ्या क्रमाने चढायच्याच असतात. त्यांनी आढावा घेतलेले बरेचसे अभ्यास उपचारगटांचे आणि प्रशिक्षणगटांचे होते. त्यामुळे टप्पा उलटा फिरला किंवा गळला, म्हणून तो समूह बिघडला असे समजू नये.

वैराला स्वभाव मानणे, आणि भेटीगाठींना औषध

अंतर्समूह (आपला समूह) आणि बहिर्समूह (परका समूह) हा भेद विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्ये मांडला. हा भेद पडायला फार थोडे पुरते. हेन्री टाजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो, असे विचारून दोन गट केल्याचे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी नशिबावर सोडली होती. आपण केलेल्या वाटपातून मुलांना स्वतःला काहीच मिळणार नव्हते, तरी गुण वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले.

यावरून वैर अटळ आहे असा निष्कर्ष काढणे ही चूकच ठरेल. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एकमेकांना अनोळखी असलेल्या बावीस मुलांचे दोन गट केले. बक्षिसांची चढाओढ सुरू होताच वैर भडकले. नुसते एकत्र जेवण आणि एकत्र चित्रपट यांनी ते शमले नाही, उलट जेवताना अन्नाची फेकाफेक झाली. बंद पडलेला पाणीपुरवठा दोन्ही गटांनी मिळून पूर्ववत करणे यांसारखी, एका गटाला एकट्याने न जमणारी कामे समोर आल्यावर मात्र ताण हळूहळू उतरला. आदल्या वर्षीच्या प्रयोगात मुलांची आधी मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले, तेव्हा ती मुले आपापसांत लढायला तयारच झाली नाहीत. दोन समूहांत तेढ असताना केवळ स्नेहसंमेलने भरवणाऱ्यांनी हे दोन्ही प्रयोग मनावर घ्यावेत. दोघांनाही गरजेचे आणि दोघांवाचून अपुरे राहणारे काम सापडले नाही, तर भेटीगाठी भांडणाला नवे निमित्तच पुरवतात.

फक्त सभासदत्व मोजणे

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, जिथे बढत्या अधिक मिळत होत्या त्या हवाई दलात बढतीच्या संधींविषयी नाराजी अधिक होती, आणि जिथे त्या क्वचितच मिळत त्या लष्करी पोलिसांत ती कमी होती. कारण प्रत्येक जण स्वतःला आपल्या आजूबाजूच्यांशी ताडून पाहत होता. अशा तुलनेसाठी मनात धरलेला समूह म्हणजे संदर्भ समूह, आणि तो आपलाच असावा असेही नाही. ज्या व्यवसायात अजून प्रवेश मिळालेला नाही त्यातील लोकांसारखे बोलणे, पेहराव करणे, त्यांची मते उचलणे हे शिकाऊ उमेदवार पुष्कळ आधीपासून करू लागतात. घरच्यांना किंवा जुन्या मित्रांना असा उमेदवार बदललेला आणि परका वाटू लागतो, आणि दोष घरात किंवा मैत्रीत शोधला जातो. अशा वेळी त्याने मनाने कोणत्या समूहात पाऊल ठेवले आहे, हे त्यालाच विचारावे.