लिनक्सवर ‘प्ले’ दाबताच गेम बंद: माझा अनुभव

लक्षण: स्टीममध्ये (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) ‘प्ले’ दाबलं की बटण क्षणभर ‘स्टॉप’ होतं, पुन्हा ‘प्ले’. एरर काहीच नाही. प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीममधलं साधन) आवृत्त्या बदलल्या, ड्रायव्हर परत टाकला; दोन रात्री फुकट.

गेम मी विंडोजच्या जुन्या एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) ड्राइव्हवरच ठेवले होते. प्रोटॉन ‘कॉम्पॅटडेटा’ या स्वतःच्या फोल्डरात ‘सी:’ नावाची लिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) बनवतो आणि नावातला तो अपूर्णविराम एनटीएफएसवर घोळ घालतो.

आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद करून नीट शट डाउन केलं (नाहीतर ड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही). मग लिनक्समध्ये स्टीम पूर्ण बंद. ड्राइव्हवरच्या ‘स्टीमॲप्स’मधला कॉम्पॅटडेटा उडवला, आत सेव्ह असतील तर आधी कॉपी काढा. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) पार्टिशनवर त्याच नावाचा रिकामा फोल्डर केला, ‘एलएन -एस’ (ln -s) या कमांडने त्याची लिंक जुन्या जागी ठेवली. स्टीम उघडलं, गेम चालू.