परदेशातलं मिरज शोधा

यंदाही मे महिन्यात तीन आठवडे घरी, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले आहे. संध्याकाळचा चहा होतो न होतो तोच दारात कुणीतरी उभं राहतं. पोरगा किंवा पोरगी, सोबत आई, आणि हातात जर्मनीतल्या विद्यापीठाचं नाहीतर कंपनीचं पत्र. प्रश्नही ठरलेला. "ताई, म्युनिकला जाऊ का बर्लिनला?" मी २०१२ साली शिरोलीच्या फाउंड्रीतली नोकरी सोडून ड्यूसबुर्गला गेले. तेव्हा मला विचारायला कुणी नव्हतं. म्हणून आता येईल त्याला बसवून जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी मी मिरजेचं सांगते. आपल्या कोल्हापुरात रेल्वे येऊन संपते. मिरजेतून मात्र पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशी चारी दिशांना गाडी मिळते. मिरजेत घर असलेला माणूस सांगलीत नोकरी करू शकतो, कोल्हापुरात करू शकतो, आणि एक नोकरी सुटली तर बिऱ्हाड न हलवता दुसरी धरू शकतो. भाडं मात्र मिरजेचंच. परदेशात राहायला गाव निवडताना हेच बघा. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते शहर सोडा आणि त्याच्या जवळचं जंक्शन शोधा.

ड्यूसबुर्ग हे माझं मिरज. साधारण पाच लाख वस्ती, म्हणजे आपल्या कोल्हापूरएवढंच. स्टेशनवरून ड्युसेलडॉर्फ पंधरा मिनिटांवर, एसेनही तेवढंच. आर-ई-१ नावाची गाडी आखेन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ, ड्यूसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, हाम अशी जाते. या एका रेघेवर किती विद्यापीठं आणि किती कारखाने आहेत ते नकाशात बोट फिरवून बघा. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी फाउंड्रीचं मोठं प्रदर्शन भरतं, गिफा. शिरोली-गोकुळ शिरगावचे उद्योजक त्याला येतात. त्या दिवसांत ड्युसेलडॉर्फची हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून ओळखीचे लोक माझ्याकडे उतरतात आणि रोज सकाळी गाडीने प्रदर्शनाला जातात.

आता गाव स्वस्त का आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिथे जाऊ नका. रूर खोऱ्यातली ही शहरं कोळशावर आणि पोलादावर वाढली. मग खाणी एकेक करून बंद झाल्या. शेवटची, बोट्रोपची, २०१८ च्या डिसेंबरमध्ये. माणसं गेली, घरं राहिली, म्हणून भाडं फारसं चढलं नाही. कोल्हापुरातली शाहू मिल, म्हणजे कापडाची गिरणी, बंद पडल्यावर त्या भागाचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण रूरमध्ये गाड्या राहिल्या, विद्यापीठं राहिली, बंदर राहिलं. अशी स्वस्ताई चालते. दुसरी स्वस्ताई असते ती आडगावची. तिथे भाडं अर्धं, पण शेवटची बस संध्याकाळी सातला, आणि सहा महिन्यांत स्वतःची मोटार घ्यावी लागते. मोटारीचा विमा, पार्किंग, पेट्रोल धरलं की ते गाव म्युनिकएवढंच महाग पडतं. हे गणित मी बऱ्याच जणांचं चुकलेलं पाहिलंय.

म्हणून भाड्याचा आकडा एकटा बघू नका, महिन्याचा पूर्ण हिशोब मांडा. वाणसामान सगळीकडे जवळपास एकाच भावाला मिळतं. आल्डी हे दुकान तर मूळचं एसेनचं, १९१३ सालचं, आणि आता त्याच्या शाखा देशभर आहेत. डाळ-तांदूळ, दूध, भाजी यांत गावागावांत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो घरभाड्यात, जाण्यायेण्यात, आणि मुलं असतील तर बालवाडीत. जाण्यायेण्याचं सोपं झालंय. देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम यांना चालणारं महिन्याचं तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ते ६३ युरो आहे. जलद आय-सी-ई गाडीला ते चालत नाही, हे लक्षात ठेवा. बालवाडीचं मात्र विचारूनच घ्या. ड्यूसबुर्ग ज्यात येतं त्या आमच्या राज्यात शाळेआधीची शेवटची दोन वर्षं फी नसते, त्याआधीची फी प्रत्येक नगरपालिका आपापली ठरवते. शिवाय फीपेक्षा जागा मिळणं अवघड. मूल पोटात असतानाच नाव नोंदवणारे आईबाप मला माहीत आहेत.

शिकायला जाणाऱ्यांनी गाव निवडतानाच विद्यापीठाची फीही बघावी. सरकारी विद्यापीठात फी नसते हे आता सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना सत्राला २,००० ते ६,००० युरो फी लावली. व्हिसासाठी बँकेच्या खात्यात अडकवून ठेवायची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला हातात ९९२. म्युनिकमध्ये यातला बराचसा एका खोलीतच जातो. उरलेल्यात जेवायचं, विमा भरायचा आणि वर फी. मग पोरं अभ्यास सोडून रात्रपाळीला जुंपून घेतात. शेतीवर कर्ज काढून पाठवलेल्या पोराने असं दमून जावं, हे मला बघवत नाही.

वसतिगृहाबद्दल एक सांगते. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मागोमाग कितीतरी जातीधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, कारण खेड्यातला मुलगा फीपेक्षाही राहण्या-खाण्याच्या खर्चाने परत फिरतो हे त्यांना कळलं होतं. दसरा चौकाच्या आसपास फिरलात की ती बोर्डिंगं आजही दिसतात. तिकडे हे काम श्टूडिरेंडनवेर्क नावाची संस्था करते. प्रत्येक विद्यापीठ-गावात ती असते, खोली बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त, आणि यादी लांबलचक. ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका. व्हिसा येऊ दे मग बघू, असं म्हणत बसलात की खोली गेलीच म्हणून समजा.

घराची जाहिरात वाचताना दोन शब्द ओळखा. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई आणि बहुतेकदा हीटिंग धरून. वीज आणि इंटरनेट त्याच्या बाहेर. त्यावर दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरात टीव्ही नसला तरी. चौघं एका घरात राहत असाल तर मिळून एकच भरायची. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. समजा काल्टमीटे ४५० असेल, तर अनामत १,३५० पर्यंत जाईल. आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे रिकामी खोली असते. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. जुनं सामान घ्या किंवा निघून जाणाऱ्या भाडेकरूकडूनच विकत घ्या, पण हा खर्च आधीच धरा.

कोल्हापुरात घर बघायला गेलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो? पंचगंगेचं पाणी इथवर येतं का. २०१९ आणि २०२१ नंतर तर हे विचारल्याशिवाय कुणी चावी घेत नाही. तिकडे तसाच प्रश्न हीटिंगचा. माझं पहिलं घर छपराखालचं होतं, भाडं सगळ्यांत कमी म्हणून घेतलेलं. भिंती पातळ, खिडक्या जुन्या. पहिला हिवाळा मी अंगावर दोन स्वेटर घालून काढला, तरी वर्षाअखेर हीटिंगच्या खऱ्या वापराचा हिशोब आला तेव्हा नऊशेहून जास्त युरो वरून भरावे लागले. तो कागद हातात धरून मी जिन्यात बसले होते, आणि घरी फोन करून सांगायचं धाडस झालं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. घर दाखवताना मालकाने इमारतीचं ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवायलाच हवं. त्यावर ए प्लसपासून एचपर्यंत दर्जा असतो. जी किंवा एच दिसलं तर भाड्यात महिन्याला शंभरेक युरो मनातच वाढवा आणि मग ठरवा. आधीच्या भाडेकरूचा गेल्या वर्षीचा हिशोब बघायला मागा. मागायला लाजू नका.

पैसे घर बघितल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. मालक परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरियरने येईल, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. इथून जाण्याआधी महिनाभराची तात्पुरती खोली घ्या, तीही पत्ता नोंदवता येईल अशी. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. "नोंदणी करता येणार नाही" असं सांगणारी स्वस्त खोली घेऊ नका. नोंदणीच्या त्या एका कागदावर पुढची निम्मी कामं अडतात. राहण्याचा परवानाही तुमच्या गावच्याच परदेशी नागरिक कार्यालयातून मिळतो. एका गावी भेटीची वेळ दोन आठवड्यांत मिळते, दुसरीकडे महिने जातात. गाव ठरवण्याआधी तिथे राहणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला हे नक्की विचारा.

जर्मनीच्या पूर्वेकडच्या शहरांबद्दल हमखास विचारतात. केम्निट्स, हाले, माग्डेबुर्ग. भाडं आमच्याहूनही कमी, विद्यापीठं चांगली, यंत्रउद्योगाची जुनी परंपरा. पण २०१८ साली केम्निट्समध्ये परदेशी लोकांच्या विरोधात मोठी निदर्शनं झाली होती, हेही मी लपवत नाही. जाऊ नका असं मी म्हणत नाही, आपली मुलं तिथे राहतात आणि शिकतात. रात्री दहाच्या ट्राममधून एकटं येताना कसं वाटतं, एवढं तिथल्या मुलीला विचारा आणि तिचं ऐका. गल्लीगल्लीतही फरक असतो. एसेनमध्ये ए-४० महामार्गाच्या उत्तरेला घरं स्वस्त, दक्षिणेला महाग. उत्तरेतल्या काही गल्ल्या मला आवडतात, काही नाही. दिवसा एकदा, संध्याकाळी एकदा चालत जाऊन बघा.

परवा शेजारच्या वहिनी मुलाला घेऊन आल्या. त्याला बोखुमला ॲडमिशन मिळाली आहे. तो फोनवर गाडीची रेघ बघत एकेक स्टेशन वाचत होता. वहिनी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "भाड्याचं कळलं गं सगळं, पण तिकडं जवळपास देऊळ हाय का?" मी मुलाला म्हटलं, रेघेचं शेवटचं स्टेशन बघ. हाम. तिथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी कामाक्षीचं मोठं देऊळ बांधलंय, गोपुरासकट, २००२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. तेच ६३ युरोंचं तिकीट गाडीला चालतं, पुढच्या बसलाही चालतं. वहिनींनी मुलाला ते नाव लिहून घ्यायला लावलं.