कमांड लाइनवरून कॉम्प्युटरचं घड्याळ लावायच्या आधीची तयारी

मागच्या महिन्यात गावातल्या वाचनालयाचा पीसी नीट करायला गेलो होतो, लिनक्सवाला, नेट नाही, पुस्तकांच्या देवघेवीच्या तारखा सगळ्या गंडलेल्या. प्रत्यक्ष वेळ लावायला दहा सेकंद लागले आणि अख्खी दुपार त्याच्या आधीच्या भानगडींत गेली, म्हणून ही यादी लिहून ठेवतोय. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर त्या आणि आकडेसुद्धा इंग्रजीतच टाइप करायचे.

पहिलं काम म्हणजे नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. टर्मिनलमध्ये डेट मारलं की मशीनला वाटणारी तारीख-वेळ दिसते, डेट हायफन यू मारलं की यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि भारतात दोन्हींत साडेपाच तासांचा फरक दिसायला हवा. पण पूर्ण चित्र हवं असेल तर टाइमडेटसीटीएल मारा, त्यात लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, आरटीसी टाइम, टाइम झोन, सिंक (नेटवरून वेळ आपोआप जुळवणं) चालू आहे की नाही, सगळं एका जागी येतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ, पीसी बंद असताना तेच चालतं, आणि लिनक्स चालू झाल्यावर स्वतःचं घड्याळ वेगळं चालवतो. ही दोन घड्याळं आहेत हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. वाचनालयात गंमत अशी झाली की बायोसमध्ये (पीसी चालू होताना लिनक्सच्या आधी उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) साल २०१२ दिसत होतं आणि लिनक्समध्ये मात्र गेल्या आठवड्यातली संध्याकाळ, कारण टाइमसिंकडी नावाची सर्विस शेवटची वेळ एका फाइलीत जपून ठेवते आणि आरटीसी त्याच्यापेक्षा मागे असेल तर तिथून पुढे घड्याळ चालू करते. म्हणजे तारीख बघून कोणाला शंकाच येत नव्हती, जवळपास बरोबरच वाटायची!

बायोस असं जुनं साल दाखवत असेल तर सेल गेलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा बटण सेल, जाताना एक खिशात टाकूनच जा. पॉवर केबल पूर्ण काढायची, क्लिप बाजूला केली की सेल उडून बाहेर येतो, नवा बसवताना प्लसची बाजू वर. सेल न बदलता वेळ लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

मग बरोबर वेळ कुठून घ्यायची ते ठरवा. नेट असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवरच्या टाइम सर्व्हरकडून वेळ घ्यायची पद्धत, दिल्लीची एनपीएल प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते आणि तिचा टाइम सर्व्हरपण आहे. नेट नसेल तर मोबाइलची नेटवर्कवरून आलेली वेळ पुरते, भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास नको, आमच्या वाचनालयातलं तर सात मिनिटं पुढे होतं आणि ते म्हणे मुद्दाम.

आता क्रम, आणि इथेच मी माती खाल्ली. वेळेच्या आधी झोन. मी उत्साहात दुपारचे तीन लावले, नंतर बघतो तर झोन यूटीसी होता, झोन बदलला आणि घड्याळात रात्रीचे साडेआठ! मशीनने काही चूक केली नव्हती, मी त्याला यूटीसीचे तीन सांगितले होते, त्याने ते भारतीय वेळेत करून दाखवले. तेव्हा आधी टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता. यादीत मुंबई शोधत बसू नका, ती नाहीच (एकेकाळी मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, पण तो विषय वेगळा).

झोननंतर ऑटो सिंक बंद. सेट-टाइम मारलं आणि सिंक चालू आहे म्हणून नकार आला तर घाबरू नका, नेट नसलं तरी ती सर्विस चालू असते आणि हाताने वेळ लावू देत नाही. टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स करा, मग सेट-टाइमच्या पुढे अवतरणात आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि चोवीस तासांच्या हिशोबात वेळ. काही जण डेटलाच थेट आठ आकडे देतात, त्यात महिना आधी येतो हे लक्षात ठेवा, ५ मार्चचे दुपारचे अडीच म्हणजे ०३०५१४३०, आपल्या सवयीने दिवस आधी टाकलात तर ३ मे लागेल आणि मशीन एका शब्दाने टोकणार नाही. कमांडच्या आधी सुडो (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालव) लावायला विसरू नका, कारण सुडोशिवाय डेटने वेळ लावायला गेलं की वर परवानगी नाही असं येतं आणि खालच्याच ओळीत तुम्ही दिलेली वेळ छापून येते, लागली असं वाटतं, लागलेली नसते. परत डेट मारून खात्री करा.

एंटर मारायच्या आधी तारखेवर चालणारी कामं थांबवा. ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं क्रॉनटॅब हायफन एल आणि सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स मारून बघून घ्या, वाचनालयाचं सॉफ्टवेअर बंद करा, डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. घड्याळ पुढे ढकललं तर बरेच दिवस मुदत संपल्याचे दंड एकदम लागू शकतात, मागे नेलं तर आधीच्या नोंदी उद्याच्या तारखेच्या दिसतात, आणि ते निस्तरायला वाचनालयाच्या बाई आपल्यालाच फोन करतात.

त्याच मशीनवर विंडोजपण असेल तर विचारून घ्या. विंडोज आरटीसीमध्ये लोकल वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी धरतो, त्यामुळे विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे आणि उलट गेलं की तेवढंच मागे. नुसत्या विंडोजवर अॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा, डेट स्लॅश टी आणि टाइम स्लॅश टीने बघा, टीझेडयुटिल स्लॅश जीने झोन तपासा, बाकी फारसं काही नाही.

वेळ डेट कमांडने लावली असेल तर शेवटी एचडब्ल्यूक्लॉक हायफन हायफन सिसटूएचसी मारून ती मदरबोर्डवर उतरवा, टाइमडेटसीटीएलने लावली असेल तर ते स्वतःच उतरवतं. नेट असेल तर सिंक परत ट्रू करा. मग पीसी बंद करून केबल भिंतीतून काढायची, दहा मिनिटं चहाला जायचं, आणि आल्यावर लिनक्स चालू व्हायच्या आधी बायोसमध्येच जाऊन वेळ बघायची (लिनक्स तिथे यूटीसी ठेवतो, म्हणजे साडेपाच तास मागची दिसणार), कारण नंतर टाइमसिंकडी परत आपल्याला गोड बोलून फसवेल.