उटकटारा लावताय? आधी पाण्याचा निचरा बघा

उटकटाऱ्याचे निळसर-पांढरे काटेरी चेंडू कोरड्या, उन्हातल्या वाफ्यात झकास दिसतात. पण कोल्हापुरात त्याला मारतो तो पावसाळा, उन्हाळा नव्हे. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत ऊस तरारतो, उटकटाऱ्याचं सोटमूळ मात्र पाणी साचून कुजतं. खालची पानं पिवळी पडून बुंधा मऊ लागला, की रोप गेलंच म्हणायचं.

म्हणून वाफा फूटभर उंच करा. निम्मी माती, निम्मा मुरूम आणि जाड वाळू. शेणखत नकोच, खताने दांडे लांबट होऊन आडवे पडतात. पाऊस ओसरल्यावर बी थेट जागेवरच अर्धा इंच खोल टोचा, दोन रोपांत दीड-दोन फूट ठेवा. मोठं रोप उपटून लावलं तर सोटमूळ तुटतं आणि ते सहसा जगत नाही. रोप धरेपर्यंत हलकं पाणी, पुढे माती दोन इंच खोल कोरडी झाली तरच.

सुकवायला चेंडू हवेत तर फुलं उमलण्याआधीच कापा. ती वरून खाली उमलत येतात, तेव्हा टोकावर पहिली फुलं दिसली की उशीर झालाच; असे चेंडू वाळताना हातात सुटतात. हातमोजे चामड्याचेच घाला, कापडी मोज्यांतून काटा आरपार जातो.