पंक आणि पॉवर पॉप: कुठून सुरू करायचं?

पंक म्हणजे वेगवान, साधं, खरखरीत रॉक. सुरुवात रमोन्स या बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बमपासून करा. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खल्लास. कोल्हापुरातून निघून पन्हाळा चढेपर्यंत गाडीत अख्खा ऐकून होतो. आधी स्टीरिओ तपासा मात्र. या रेकॉर्डिंगमध्ये बेस डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे. रंकाळ्यावर फिरताना एकच इअरबड लावलात तर निम्मा बँड गायब, आणि मग ‘नुसता गोंगाट’ म्हणून अल्बम बंद होतो. एक कान मोकळाच ठेवायचा असेल तर फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं) बंद.

मग बझकॉक्स या पंक बँडचा ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ (१९७९). पहिल्या बाजूला आठ सिंगल्स (सुटी निघालेली गाणी), दुसऱ्या बाजूला त्यांच्याच बी-साइड (त्या सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी), त्याच क्रमाने. म्हणून पहिल्यानंतर नववं, दुसऱ्यानंतर दहावं असंही लावून बघा.

पॉवर पॉपसाठी, म्हणजे गोड चालींच्या गिटार-रॉकसाठी, बिग स्टार या बँडचा १९७२चा ‘नंबर वन रेकॉर्ड’. तांबड्यावर लगेच पांढरा भुरकतो तसं इथे जमत नाही. पंकपाठोपाठ लावला तर मिळमिळीत वाटतो. दुसऱ्या दिवशी ऐका. त्यांच्याच पुढच्या ‘रेडिओ सिटी’ अल्बमसोबतची एकत्र सीडी मिळाली तर १२व्या गाण्यावर थांबा. ‘रेडिओ सिटी’ जास्त खडबडीत आहे, आणि खरं तर जास्त चांगला.